समुद्रातून उंद्री वजा

आमच्या विमानमास्तरांना कुणी कशाचीही उंची सांगितली, की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कुठून?" त्यांच्या जावयानं एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं, की आमची नवी इमारत नव्वद फूट उंच आहे. मास्तरांनी ताटावरून मान वर केली. "कुठून? रस्त्यापासून का जोत्यापासून? अन् वरची पाण्याची टाकी धरून का सोडून?" जावई बिचारा पुण्याचा. त्याला वाटलं सासरा टिंगल करतोय. तो त्या दिवशी दुसरी पोळी न घेताच उठला. मास्तर टिंगल करत नव्हते. कुठून मोजली ते सांगितलेलं नाही, अशी उंची त्यांच्या लेखी अर्धवट होती, आणि अर्धवट माहितीवर ते विमान सोडाच, सायकलसुद्धा बाहेर काढायचे नाहीत.

त्यांच्याबद्दल आमच्या भागात आता एकच गोष्ट सांगितली जाते. डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा हट्टानं विमान उडवत राहिला आणि एके दिवशी दीडशे माणसांच्या जिवावर उठला, अशी ती गोष्ट. चिखलीच्या स्टँडवर कुणालाही विचारा, मीठमसाला लावून सांगेल. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि मी ते आजवर कुठंही बोललेलो नाही. आज लिहायला बसलोय. पण आधी मास्तर कोण होते ते सांगतो.

हवाई दलात ते विमानांचे मिस्त्री होते. तिथून निवृत्त झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या फ्लाइंग क्लबात राहून वैमानिक झाले, मग शिकवायला लागले, आणि साठी जवळ आल्यावर एक मोडकं, दोन आसनांचं विमान ट्रकवर घालून उंद्रीला परत आले. गावाबाहेर एका बंद पडलेल्या गिरणीच्या मालकानं हौसेखातर केलेली मुरमाची धावपट्टी पडून होती. मालक हयात नव्हता आणि त्याच्या मुलांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मास्तरांनी परवानग्यांसाठी दोन वर्षं खेटे घातले, पट्टीवरच्या बाभळी तोडल्या, पत्र्याची शेड उभी केली आणि तिला गोठा म्हणायला सुरुवात केली. "विमान गोठ्यात हाये," असं ते फोनवर सांगायचे तेव्हा पलीकडचा माणूस दोनदा विचारायचा. गावात शाळामास्तर होते, पोस्टमास्तर होते, त्यामुळं हे आपोआप विमानमास्तर झाले.

आम्ही चार-पाच जण त्यांच्याकडं उडायला जायचो. मास्तर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी साखरखेर्डा. धाडच्या एका व्यापारी घरातला सलीम, तो नुसता धाड. "धाड, तू पेट्रोल गाळून घे. साखरखेर्डा, चाकं पाह्य." मी बाहेरच्या एका संस्थेतून खासगी वैमानिकाचा परवाना काढून आलो होतो आणि मला मोठा, नोकरीचा परवाना हवा होता. त्यासाठी दोनशे तास उड्डाण भरावं लागतं. आमच्या घरात विमानात बसलेलंसुद्धा कुणी नव्हतं. मी वैमानिक होणार हे वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलेलं, त्यामुळं मागं फिरायची सोय नव्हती. मास्तर मला शेजारी बसवून तास भरू देत. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं, मुलगा, सून, नात सगळी एकत्र. तिथून काकू, म्हणजे मास्तरांची बायको, किटलीतून चहा आणायच्या. त्यांनी मात्र आम्हा सगळ्यांना बाबूच करून टाकलं होतं.

आता त्या उंचीच्या प्रश्नाकडं येतो, कारण सगळं पुढचं त्यातून निघालं. विमानात उंची दाखवणारं एक घड्याळासारखं यंत्र असतं. त्याला एक खुंटी असते. ती फिरवून काटा हवा तिथं लावता येतो. बहुतेक सगळीकडं तो असा लावतात, की समुद्राच्या पातळीला शून्य यावं. म्हणजे आमच्या उंद्रीच्या पट्टीवर विमान नुसतं उभं असलं तरी काटा अठराशे फूट दाखवणार, कारण आमचा भाग समुद्रापासून तेवढा उंचावर आहे. मास्तरांना हे पटत नसे. ते खुंटी फिरवून उंद्रीच्या मुरमावर शून्य लावायचे. "समुद्र कोनं पाह्यला बे? मी घरी येतो तवा काटा शून्यावर आला पाह्यजे. दमलेला मानूस उतरते, ऊन डोळ्यावर येते, तवा वजाबाकी करत बसू का मी?" हे जुन्या पद्धतीचं होतं, पण चुकीचं नव्हतं. फक्त वजाबाकी कुणीतरी आधी, जमिनीवर, शांत डोक्यानं करून ठेवायला लागायची.

ती जागा म्हणजे गोठ्याच्या भिंतीवरचा नकाशा. प्लायवूडवर कापड ताणून मास्तरांनी तो स्वतः काढलेला होता, दार उघडलं की समोर. त्यात मोठ्या विहिरी होत्या, देवळांचे कळस, मशिदींचे मिनार, पाण्याच्या टाक्या, घाटाची कड, आणि बाजाराच्या गावांना एकेक लाल टिकली, कारण बाजाराच्या दिवशी वरून गाव ओळखायला सोपं जातं. प्रत्येक उंची उंद्रीपासून मोजलेली. सरकारी कागद यायचे ते मात्र सगळे समुद्रापासूनचे. म्हणून कागद आला की एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं "समुद्रातून उंद्री वजा" असं म्हणून अठराशे कमी करायचे आणि मगच भिंतीवर लिहायचं. एकट्यानं लिहायचं नाही, हा नियम. दुसरा नियम, काही खोडायचं नाही. जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा. सलीमनं एकदा विचारलं, "मास्तर, खोडून टाकलं तर नकाशा स्वच्छ नाही का दिसणार?" मास्तर म्हणाले, "आपली चूक आपल्याले रोज दिसाले पाह्यजे. खोडली का मंग ते कोनाची होती तेबी समजत नाई."

पूर्वी या नकाशावर पश्चिमेच्या कोपऱ्यात एक निळी कमान होती, तेवढंच. शेजारच्या बाजूला मोठा विमानतळ होता आणि त्याच्याभोवतीचं आभाळ त्यांच्या ताब्यात असायचं. तिथं विचारल्याशिवाय शिरायचं नाही. पण ती कमान जिल्ह्याच्या हद्दीपासून लांब होती. धाडच्या डोंगरांवरून पुढं बरंच अंतर आम्ही मोकळे असायचो. मग विमानतळ वाढला. मोठी विमानं दिवसाला दोन यायची ती कितीतरी यायला लागली, आणि त्यांना उतरायला लांबून, हळूहळू खाली येत यावं लागतं म्हणून ताब्यातलं आभाळ पूर्वेकडं सरकत आलं. सरकलं तेही जमिनीपासून नाही. ठरावीक उंचीच्या वरचं सगळं त्यांचं, खालचं तुमचं. मास्तरांनी ते आम्हाला समजावलं ते असं, "आपल्या घरात माळा घातला यायनं. माळ्याच्या खालून जाचं, डोकं सांभाळून." दर काही महिन्यांनी कागद यायचा आणि माळा थोडा पुढं, थोडा खाली यायचा.

याचा आमच्यासारख्यांना काय त्रास होतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. माळ्याच्या वर जायचं तर आधी परवानगी, रेडिओवर सतत बोलणं, आणि रडारला आपली जागा आणि उंची आपोआप कळवणारं एक यंत्र. ते आमच्या विमानात नव्हतं. खाली राहायचं तर काळ्या जमिनीवरची तापलेली हवा उन्हाळ्यात विमान असं हाणते, की पोटातलं बाहेर येतं, आणि घाटाजवळ तर इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा नाही. आमच्यातले दोघं कंटाळून यायचे थांबले. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले मास्तरांचे जुने दोस्त फोनवर सरकारला शिव्या घालायचे. मास्तर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते दीडशे मानसं घेऊन येते, आपण दोघं. त्यायनं वाट मागतली तं सरकाव ना आपण." त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. प्रत्येक नवी रेघ ओढून झाली की ते बराच वेळ नकाशासमोर उभे राहायचे आणि चहा निवून जायचा.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, बुलढाण्याला. ते तिथं असतानाच आजवरचा सगळ्यात मोठा बदल आला. माळा आता हद्द ओलांडून धाडच्याही अलीकडं येत होता आणि त्याची उंची साडेचार हजार फुटांवर खाली आणली होती. मास्तरांचा दवाखान्यातून फोन आला. "साखरखेर्डा, कागद आला असन. भित्तीवर घे. धाडले बलावून घे, दोघं मिळून करा." मी हो म्हटलं. सलीमला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळी येतो. त्या दिवशी चिखलीला माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता आणि घरची गाडी पट्टीच्या टोकाला हॉर्न वाजवत उभी होती. मी सलीमला येऊ नको म्हणून सांगितलं. कागद हातात धरला, निळी रेघ नीट ओढली, तिच्याशेजारी पेन्सिलनं लिहिलं ४५००, आणि पळालो.

वजा केलंच नाही. भिंतीवर २७०० यायला हवे होते. इतक्या वेळा केलेली वजाबाकी त्याच दिवशी कशी विसरलो याचा मी पुष्कळ विचार केलाय. उत्तर एवढंच सापडतं, की मोठ्यानं म्हणायला समोर कुणी नव्हतं.

महिना-सव्वा महिन्यानं मास्तर परत आले. डॉक्टरांनी तपासून उडायला हरकत नाही असा कागद दिलेला. पहिल्याच सकाळी ते नकाशासमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "दोघं होते ना बे?" खोटं बोलायचं असं मी काही ठरवलेलं नव्हतं. एकट्यानं केलं म्हटलं असतं तर ते ओरडले असते आणि पुन्हा कागद काढून पडताळा घेतला असता, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, "हो मास्तर, सलीम होता." त्यांनी मान हलवली आणि विमान बाहेर काढायला गेले. चूक कुणाच्याही हातून होते, असं मला नंतर पुष्कळांनी निरनिराळ्या निमित्तानं सांगितलंय. त्यांना माझं 'सलीम होता' हे वाक्य माहीत नाही.

आम्ही पश्चिमेला निघालो. विमान मी चालवत होतो, मास्तर शेजारी. धाडवरून पुढं गेलो, हद्द ओलांडली. काटा चार हजारावर, म्हणजे माझ्या हिशेबानं माळ्याच्या पाचशे फूट खाली. हवा गढूळ होती. मास्तर खिडकीतून बघत होते आणि तरी ऑपरेशननंतर किती स्वच्छ दिसतंय म्हणून खूश होते. "पाह्य, त्या विहिरीवरची मोटर दिसून राह्यली मले. आधी विहीरच दिसत नोती." त्यानंतर मिनिटभरानं ते म्हणाले, "डावीकडून." मी पाहिलं तर काहीच दिसलं नाही. मग दिसलं ते एकदम, पांढरं, आमच्याच उंचीवर. त्या विमानानं नाक वर उचललं. त्याचं पोट आणि उघडलेली चाकं मी पाहिली. ते डोक्यावरून गेलं आणि त्यानं मागं सोडलेल्या हवेत आमचं विमान कुशीवर झालं. "माह्याकडं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दांडा घेतला. जमीन खिडकीत आली, गेली, पुन्हा आली. मग त्यांनी विमान सरळ केलं.

त्यांनी विमान घराकडं वळवलं. मग काट्याकडं बोट करून पुटपुटल्यासारखं म्हणाले, "चार हजार. उंद्री मिळव. पाच हजार आठशे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "साखरखेर्डा, दोघं होते ना बे?" मी नजर काट्यावरच ठेवली. ते पुन्हा समोर बघायला लागले आणि घरापर्यंत विमान त्यांनीच आणलं.

संध्याकाळी फोनवरून कळलं. मोठं विमान सुखरूप उतरलं होतं. पण धक्का बसला तेव्हा एक वयस्कर बाई जागेवर परत येत होती, ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. विमानातल्या एका कर्मचारी मुलीच्या डोक्याला टाके पडले. चौकशीला दोन अधिकारी येणार असं समजलं. मी घरी जेवलो नाही. परवाना गेला की वडिलांना दुकानात काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या बाईचा विचार माझ्या मनात फार नंतर आला, हेही सांगून टाकतो.

अधिकारी यायच्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो तर मास्तर नकाशासमोर स्टूल टाकून बसले होते. काकू दारात. मास्तर त्यांना म्हणाले, "खोडरबर हाये का घरात?" काकूंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्या गोठ्यात कधी खोडरबर आलेलाच नव्हता. त्यांनी घरातून नातीच्या कंपासमधला आणून दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मास्तरांनी माझे ४५०० सावकाश, कापड फाटू न देता खोडले. मग आपली लाल पेन्सिल घेतली आणि त्याच जागी, आपल्या तिरक्या अक्षरात, पुन्हा ४५०० लिहिले. नंतर उड्डाणाची वही उघडली. विमान उतरल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्या दिवशीच्या उड्डाणाची ओळ तशीच कोरी राहिली होती. वैमानिक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

"मास्तर, असं कसं?" मी म्हणालो.

"तुह्ये तास किती झाले?"

"एकशे सत्तर."

"माह्ये अकरा हजार झाले. आता मले कायले पाह्यजे? तू फक्त पाहुणा होता. इचारलं तं तेवढंच सांग."

 काकूंनी खोडरबर पदराला पुसला आणि घेऊन गेल्या.

अधिकारी सभ्य होते. त्यातल्या मोठ्यानं नकाशा बराच वेळ पाहिला, जुन्या रेघा मारलेले आकडे पाहिले, प्रत्येक ठिकाणी वजाबाकी बरोबर होती. तो म्हणाला, "मास्तर, इतकी वर्षं तुम्ही एकदाही चुकला नाहीत. ही चूक तुमच्या हातून होईल असं मला वाटत नाही." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझी पाचावर धारण बसली. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी उजव्या डोळ्याला हात लावला. "साहेब, ऑपरेशन झालं न माह्यं. नीट दिसूनच नाई राह्यलं. डॉक्टरले मी सांगतलं दिसते म्हनून, उडाची घाई होती. कागदावर काय दिसलं अन् काय उतरवलं, मलेच समजलं नाई." अधिकाऱ्यानं पेन उघडलं. मग मला विचारलं, "तुम्ही?"

मी म्हटलं, "मी पाहुणा होतो."

मास्तरांचा परवाना गेला. पट्टीची परवानगी गेली. बातमीत आलं ते डोळ्यांचंच आलं, आणि दिसत नसताना डॉक्टरला फसवून उडणारा माणूस म्हणून मास्तर जिल्ह्याला माहीत झाले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अर्धवट माहितीवर पाऊल टाकलं नाही, त्याला लोक बेपर्वा म्हणायला लागले. मी एकदा चिखलीहून जीपनं येत होतो. ड्रायव्हर मागच्या बायकांना सांगत होता, "अवो तो बुढा आंधळा होता. दिसे नाई तरी उडवे. मारले असते सगळे." बायकांनी चक् चक् केलं. मी उंद्रीला उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्या जखमी बाईला भेटायला मास्तर एसटीनं गेले होते, हे मला काकूंकडून कळलं. एकटेच, हातात मोसंब्यांची पिशवी. तिच्या मुलानं दवाखान्याच्या जिन्यातच अडवलं, चार लोकांदेखत वाटेल ते बोलला आणि पिशवी परत हातात दिली. मास्तर पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. तेव्हा बाईंनी आत बोलावलं म्हणे. काय बोलणं झालं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. मी एकदाही गेलो नाही.

माझे तास दुसऱ्या राज्यात पूर्ण झाले, परवाना मिळाला, नोकरी लागली. वडिलांनी गावात पेढे वाटले आणि पहिला डबा मास्तरांकडं पाठवला. सुट्टीत गावी आलो की मी उंद्रीला जायचो. विमान गोठ्यातच होतं, चाकांतली हवा गेलेली. मास्तर दर सोमवारी पंखा हातानं फिरवायचे, इंजिन आखडू नये म्हणून. उडणार नाही हे त्यांना माहीत होतं. मला ते कामाचं विचारायचे. कोणत्या गावावरून जातोस, खाली काय दिसतं, माळा आता कुठवर आलाय. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही आणि मीही मूग गिळून बसायचो. ते मनानं मोठे आहेत, त्यांना या लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. फार सोयीची समजूत होती ती.

शेवटची भेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसं गेली होती, चार शब्द बोलले की थांबावं लागायचं. काकू आतल्या खोलीत होत्या. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "मास्तर, खरं काय ते मी आता लिहून देऊ का?" ते नको म्हणतील याची मला खात्री होती. खात्री होती म्हणूनच विचारलं असणार.

मास्तर म्हणाले, "देशीन?"

मी त्यांच्या चादरीची घडी नीट करायला लागलो.

"मी गेल्यावर दे. तुह्यी नोकरी जाईन असं नको लिहू. चुकीचं नाई सांगतलं तरी चालन. पन डोळ्याचं तेवढं सांग." ते थांबले, श्वास घेतला. "डोळे चांगले होते न माह्ये. ते विमान मीच पाह्यलं आधी. तुले दिसलं बी नोतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "नात शाळेत जाते, तं पोट्टे तिले आंधळ्याची नात म्हनते. मले तिनं नाई सांगतलं, तिच्या मायनं सांगतलं."

मी त्यांचा हात धरला आणि सांगतो म्हटलं. शब्द दिला.

महिन्याच्या आत ते गेले. उंद्रीच्या शाळेत शोकसभा झाली. बऱ्यापैकी माणसं जमली होती, सरपंच होते, शिक्षक होते, धाडहून सलीम आला होता. मला बोलायला सांगितलं, कारण मास्तरांच्या हाताखालून निघून मोठ्या विमानावर गेलेला मी एकटाच. माझ्या आधी बोलणारे गुरुजी म्हणाले, "अखेर डोळ्यांनी दगा दिला, पण माणूस मोठा होता." मी उठलो. पुढच्याच रांगेत काकू आणि त्यांच्याशेजारी नात. मी दहा मिनिटं बोललो. गोठा, नकाशा, गावांच्या नावानं मारलेल्या हाका, सगळं सांगितलं. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मधे एका जागी मी थांबलो, तिथं ते वाक्य यायला हवं होतं. सभेत माझे वडील बसले होते. मी पाणी प्यायलो आणि पुढचं बोललो.

सभा संपल्यावर माणसं चपला शोधत होती तेव्हा काकू जवळ आल्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, नेहमीच्याच मायेनं.

"चांगलं बोलला बाबू," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "पन यायच्या डोळ्याचं राह्यलंच."

"हो काकू," मी म्हणालो. "राहिलं."